वरळी नको, शेलू नको

मालवण बंदरात आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, उकड्या तांदळाची गाठोडी पडावातून तिच्यापर्यंत पोचवावी लागत. पावसाळ्यात तर ही वाहतूकच बंद. मुंबईत उतरल्यावर राहायचं कुठे, हा प्रश्न मात्र गिरणीत कामाला निघालेल्या माणसाला फारसा पडत नसे. तो त्याच्या गावाने आधीच सोडवलेला असायचा.

लालबाग, परळ, डिलाईल रोड या भागांत गावागावांच्या खोल्या होत्या. एका गावच्या, कधी एकाच वाडीच्या पुरुषांनी वर्गणी काढून भाड्याने घेतलेल्या. भिंतीला लाकडी फळी, फळीवर ज्याची त्याची ट्रंक, खाली खुंटीला सदरा. रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाला बाहेर पडायचा आणि त्याच अंथरुणावर हा अंग टाकायचा. जेवण खानावळीत, हिशेब पगाराला. १९११च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यातले होते, आणि मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. बायकामुलं गावी, शेती गावी, देव गावी. मुंबईत हवी होती ती पाठ टेकायला जागा आणि ओळखीची माणसं.

म्हणूनच १९२०च्या दशकात सरकारची फजिती झाली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात स्थापन झालेल्या विकास खात्याने, म्हणजे ‘बीडीडी’ने, कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा बेत आखला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे २०७ चाळींमध्ये १६,०००हून काही जास्त खोल्या उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, बांधकाम सिमेंटचं. तरीही, विशेषतः वरळीत, कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. शेवटी १९३०च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला.

कामगारांना चांगल्या घराची कदर नव्हती, असा निष्कर्ष त्यावरून काढणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. वरळी तेव्हा शहराचं टोक होतं. बदली कामगाराला रोज सकाळी पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभं राहावं लागे. काम मिळालं तर मिळालं. उधारी देणारा वाणी, खानावळवाली, मुकादमाची ओळख हे सगळं गिरणीच्या आसपास. भाडं, अंतर आणि उधारी यांचा पक्का हिशेब करूनच त्याने ‘नको’ म्हटलं होतं.

पुढे त्याच माणसाच्या मुलांनी उपनगर पत्करलं, कारण तोवर हिशेबातले आकडे बदलले होते. बायको-मुलं मुंबईत आली आणि पुरुषांनी वाटून घेतलेली खोली संसाराला चालेना. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी गोठली. त्यामुळे हातातली खोली कोणी सोडेना आणि नव्याला पागडी दिल्याशिवाय मिळेना. १९५० आणि १९५७ साली मुंबईची हद्द वाढत मुलुंड आणि दहिसरपर्यंत गेली. विक्रोळीचं कन्नमवारनगर, भांडुप, पुढे डोंबिवली, नालासोपारा इथे मालवणी हेल ऐकू येऊ लागला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचं आयुष्य ढवळून निघालं. भोंगाच थांबल्यावर गिरणीजवळ राहण्याचं कारण उरलं नाही. अनेकांनी चाळीतली खोली विकून मुलांसाठी लांबचा ब्लॉक घेतला. याला निवड म्हणताना जीभ अडखळते.

पण माणसं एकेकटी गेली नाहीत. कोणाचा तरी मेव्हणा भांडुपला असे, त्याच्या शब्दावर शेजारची खोली बघितली जाई. गावमंडळाच्या सभा, गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण, दशावताराचे प्रयोग त्यांच्यामागून उपनगरात पोचले. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगातल्या ठरावीक तिथीला नसते, देवीचा कौल मिळाला की तारीख ठरते. ती जाहीर झाली की मुंबईभर फलक लागतात. दिव्याहून सुटणारी सावंतवाडी पॅसेंजर दिव्यात खोली घेणाऱ्याला जवळची वाटली, तर नवल नाही.

गावाने याची किंमत मोजली. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना मालवण आता ज्यात येतं त्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची ८,६८,८२५वरून ८,४९,६५१वर आली. बंद घराची कौलं शाकारायला कोणाला सांगायचं, हा प्रश्न आज डोंबिवलीत बसून सोडवावा लागतो.

गिरणी कामगारांच्या घरांचा हिशेब अजून मिटलेला नाही. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. कामगारांना सोडतीतून काही हजार घरं मिळाली, पण अर्जदार पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. त्यांच्यासाठी सरकारने २०२४ साली कर्जत मार्गावरच्या शेलू आणि वांगणी इथली घरं पुढे केली. कामगार संघटनांनी ती नाकारली. ९ जुलै २०२५ला वयोवृद्ध कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले. मुख्य मागणी होती: घर मुंबईतच हवं.