न दिसणारी पाटी : मेटा टॅगचा इतिहास आणि आपली मराठी पाने

पुराव्याच्या कायद्यात कबुलीजबाबाविषयी एक जुने सूत्र आहे. माणसाने स्वतःच्या हिताविरुद्ध केलेले विधान त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून सहज वाचले जाते. स्वतःच्या हिताचे विधान मात्र काही अपवाद वगळता त्याला स्वतःसाठी वापरता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २१ चा गाभा हाच होता. ‘माझा माल उत्तम’ हे दुकानदाराचे म्हणणे न्यायालय पुरावा मानीत नाही. ‘या मालात दोष होता’ हे त्याचेच म्हणणे मात्र न्यायालय गांभीर्याने घेते. महाजालावरील शोधयंत्रांना हाच धडा शिकण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली. तो इतिहास मेटा टॅग नावाच्या, वाचकाला कधीही न दिसणाऱ्या, दोन-चार ओळींचा आहे. संकेतस्थळाचे हे टॅग बदलून शोधनिकालांत वरचे स्थान मिळवून देण्याची हमी आजही अनेक ठिकाणी विकली जाते. आपल्या संस्था, वाचनालये व मंडळे त्यावर पैसे खर्च करतात. म्हणून हा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे.

संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाचे दोन भाग असतात. एक वाचकासमोर येतो. दुसरा, शीर्षभाग, यंत्रासाठी असतो. या शीर्षभागात पानाविषयी माहिती नोंदविण्याची जी सोय आहे, तीच मेटा टॅग. ग्रंथालयातील पुस्तक आणि त्याचे तालिकापत्र यांचे जे नाते, तेच पान आणि मेटा टॅग यांचे. ही तुलना केवळ सोयीची नाही. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डब्लिन या गावी ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ एकत्र आले आणि महाजालावरील दस्तऐवजांसाठी शीर्षक, कर्ता, विषय, भाषा अशा मोजक्या नोंदींचा आराखडा त्यांनी मांडला. ‘डब्लिन कोअर’ हे नाव त्या गावावरून पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांनी संपादित केलेले एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे मानक प्रसिद्ध झाले. त्यात ‘मेटा’ या घटकाला रीतसर स्थान मिळाले. त्यामागील गृहीतक ग्रंथपालाचे होते : नोंद करणारा प्रामाणिक आहे.

ग्रंथालयात हे गृहीतक टिकते, कारण तेथे तालिकापत्र लेखक लिहीत नाही. तिसरी, निःस्वार्थी व्यक्ती लिहिते. महाजालावर मात्र पानाचा मालकच स्वतःचे तालिकापत्र लिहू लागला. पुढील सारे घोटाळे या एका फरकातून जन्मले.

डिसेंबर १९९५ मध्ये आल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र सुरू झाले. १९९६ मध्ये आल्टाव्हिस्टा आणि इन्फोसीक यांनी दोन मेटा टॅग विचारात घेण्यास प्रारंभ केला : ‘डिस्क्रिप्शन’, म्हणजे पानाचे संक्षिप्त वर्णन, आणि ‘कीवर्ड्स’, म्हणजे सूचक शब्दांची यादी. त्या काळची यंत्रे मुख्यतः शब्द मोजीत. पानाचा आशय जोखण्याची त्यांची साधने तोकडी होती. तेव्हा मालकानेच विषय सांगितला तर काम सोपे होईल, हा हिशेब अवाजवी नव्हता. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मानकात तर भाषानिहाय सूचक शब्द देण्याची सोयही दाखविलेली आहे. ग्रीसमधील सुटीविषयीच्या पानासाठी अमेरिकी इंग्रजीत एक शब्द, ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत दुसरा आणि फ्रेंचमध्ये तिसरा, असे उदाहरण त्यात आहे. एकाच पानाकडे निरनिराळ्या भाषांतून येणाऱ्या वाचकांचा विचार मानककर्त्यांनी केला होता.

प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. एकच शब्द शेकडो वेळा लिहिणे, पानाशी काडीचाही संबंध नसलेली प्रसिद्ध नावे घुसडणे, आणि शेवटी प्रतिस्पर्ध्याचे नाव स्वतःच्या टॅगमध्ये टाकून त्याचा ग्राहक आपल्याकडे वळविणे, या साऱ्या क्लृप्त्या लवकरच रूढ झाल्या. वाचकाला यातील काहीच दिसत नसल्यामुळे लिहिणाऱ्याला लाजही वाटत नसे.

मग प्रकरणे न्यायालयात गेली. आरंभीच्या दाव्यांपैकी एक चक्क वकिलांच्या भागीदारी संस्थेने दाखल केला होता, हे आमच्या व्यवसायबंधूंना रंजक वाटेल. ओपेडाल अँड लार्सन ही स्वामित्वहक्काचे काम करणारी संस्था १९९७ मध्ये कोलोरॅडोच्या संघराज्यीय न्यायालयात गेली. परक्या संकेतस्थळांच्या मेटा टॅगमध्ये आपले नाव पेरले असल्याची तिची तक्रार होती. १९९९ मध्ये अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ब्रुकफील्ड विरुद्ध वेस्ट कोस्ट या प्रकरणात या प्रश्नाला दृष्टांताची चौकट दिली. समजा, महामार्गावर एका व्हिडिओ दुकानदाराने प्रतिस्पर्ध्याच्या नावाची पाटी लावली आणि सातव्या फाट्याला वळावे असे लिहिले. प्रतिस्पर्ध्याचे दुकान मात्र आठव्या फाट्यावर आहे आणि सातव्यावर आहे ते पाटी लावणाऱ्याचे. ग्राहक सातव्या फाट्यावर वळतो, हवे ते दुकान सापडत नाही, आणि समोर आहे त्यातच खरेदी करतो. आपण कोठे आलो याविषयी अखेरीस त्याचा गोंधळ उरत नाही. तरीही दुसऱ्याच्या लौकिकाचा लाभ पाटी लावणाऱ्याने उपटलेला असतो.

हा दृष्टांत प्रभावी असला तरी तो सर्वत्र लागू पडत नाही. २००२ मध्ये त्याच न्यायालयासमोर प्लेबॉय विरुद्ध वेल्स हे प्रकरण आले. प्रतिवादी महिलेला त्या मासिकाने १९८१ मध्ये एक किताब दिला होता, आणि तो तिने स्वतःच्या संकेतस्थळाच्या टॅगमध्ये नमूद केला होता. खरी गोष्ट सांगण्यासाठी दुसऱ्याचे नाव घ्यावेच लागत असेल, तर ते घेणे वाजवी आहे, असे न्यायालयाने ठरविले. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये रीड प्रकरणात आणखी वेगळी भूमिका घेतली. जे शब्द वाचकाला दिसतच नाहीत, त्यांच्यामुळे त्याचा गोंधळ कसा होईल, असा तेथील रोख होता.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘शादी डॉट कॉम’ चालविणाऱ्या पीपल इंटरॅक्टिव्ह कंपनीच्या दाव्यात या विषयाची स्पष्ट मांडणी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मेटा टॅग म्हणजे काय हे आदेशातच समजावून सांगितले आणि वादीचे नाव टॅगमध्ये वापरून त्याच्याकडे येणारे लोक वळविण्यास मनाई केली. जाहिरातींसाठी विकल्या जाणाऱ्या सूचक शब्दांचा प्रश्न पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तेथील खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात सांगितले की, असा वापर हा व्यापारचिन्हाचा ‘वापर’च आहे, मात्र गोंधळ किंवा गैरफायदा नसेल तर तेवढ्याने उल्लंघन ठरत नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम ३० मध्ये प्रामाणिक व वर्णनपर वापराला जे संरक्षण आहे, त्याच्याशी हे सुसंगत आहे. देशोदेशीच्या या निर्णयांत मतभेद आहेत. पण खरे वर्णन आणि उसनी ओळख यांतील सीमा शोधण्याचा प्रयत्न त्या सर्वांत दिसतो.

न्यायालये ही सीमा आखत असताना शोधयंत्रांनी अधिक सोपा मार्ग पत्करला : स्वतःच्या हिताच्या विधानावर विश्वासच ठेवायचा नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात, वाचकाला न दिसणाऱ्या मजकुराचा यंत्राला फसविण्यासाठी गैरवापर होतो आणि म्हणून असे प्रयत्न बहुतांशी अयशस्वी ठरले, असे नोंदविले होते. त्याऐवजी इतर पाने या पानाविषयी काय म्हणतात, कोण त्याच्याकडे दुवा देतो, याला त्यांनी महत्त्व दिले. ही साक्ष तिसऱ्या पक्षाची होती. २००२ मध्ये आल्टाव्हिस्टानेही सूचक शब्दांचा टॅग विचारात घेणे सोडले. २१ सप्टेंबर २००९ रोजी गूगलने, पानांचा क्रम लावताना आपण कीवर्ड्स मेटा टॅग वापरत नाही, असे जाहीरपणे सांगितले. वर्णनाचा टॅगही क्रमासाठी वापरला जात नाही. निकालाखालच्या दोन ओळींसाठी मात्र त्याचा उपयोग होऊ शकतो.

एक टॅग मात्र पहिल्यापासून आजवर निर्विवाद पाळला जातो. ‘हे पान सूचीत घेऊ नका’ असे मालकाने लिहिले, तर प्रतिष्ठित शोधयंत्रे ते मानतात. कारण उघड आहे. ते स्वतःच्या हिताविरुद्धचे विधान आहे.

आता आपल्या भाषेकडे येऊ. मराठी पानांच्या बाबतीत या इतिहासाला एक निराळे वळण आहे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण सर्वसामान्य संगणकावर ती पोहोचण्यास जवळजवळ दशक लागले. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ फॉन्ट आला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तरीही कित्येक मराठी संकेतस्थळे जुन्या पद्धतीच्या फॉन्टवरच चालत राहिली. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत. वाचकाला पडद्यावर सुबक मराठी दिसे. साठवणीत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हांची अर्थहीन रांग असे. शोधयंत्र वाचत असे ती रांग.

म्हणजे जगभर मेटा टॅग खोटेपणाने बदनाम होत असताना, त्या काळच्या मराठी पानावर यंत्राला कळेल असे बहुधा एवढेच होते : रोमन लिपीतील शीर्षक आणि इंग्रजी सूचक शब्द. अंगातला मजकूर मुका आणि माथ्यावरची पाटी परभाषेत. संपादकांनी हे नाइलाजाने केले. त्यांना दोष देता येणार नाही. पण कारण संपले तरी सवय उरली. आज मजकूर युनिकोडमध्ये शुद्ध मराठी असतो आणि शीर्षकाच्या जागी इंग्रजी संस्थानाम, ‘होम’ किंवा नुसताच रिकामा अवकाश असतो. पानाचे हे शीर्षक तांत्रिकदृष्ट्या मेटा टॅग नाही, परंतु ते त्याच शीर्षभागात राहते आणि आजही सर्वांत मोलाचे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने शीर्षके दाखविण्याची पद्धत बदलली. पुढच्याच महिन्यात दिलेल्या माहितीनुसार सुमारे ८७ टक्के वेळा मालकाने लिहिलेले शीर्षकच वापरले जाते. उरलेल्या वेळी यंत्र पानावरील दृश्य मथळ्यासारख्या मजकुरातून ते घेते. शीर्षक पोकळ असेल तर आपले नाव दुसरा ठरवतो, हा त्याचा अर्थ.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसासाठी यात आणखी एक गुंता आहे तो गावांच्या नावांचा. आपण इंदूर म्हणतो, तेथील हिंदी पाटी इंदौर म्हणते. आपले ग्वाल्हेर हिंदीत ग्वालियर, आपले बडोदे सरकारदरबारी वडोदरा. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. शोधणारा मात्र यांपैकी कोणतेही रूप टंकित करू शकतो. ही सारी रूपे कीवर्ड्स टॅगमध्ये कोंबावीत, असा सल्ला हमखास मिळतो. वर सांगितलेल्या इतिहासावरून त्याचा निष्फळपणा स्पष्ट व्हावा. योग्य मार्ग साधा आहे : आपले मराठी नाव शीर्षकात लिहावे आणि पहिल्या परिच्छेदात, वाचकाला दिसेल असे, ‘बडोदे (वडोदरा)’ म्हणावे. वर्णनाच्या टॅगमध्ये त्या पानावर खरोखर काय आहे ते दोन धड मराठी वाक्यांत सांगावे. देवनागरी ही हिंदी, कोंकणी आणि नेपाळी यांचीही लिपी आहे. केवळ विशेषनामांच्या माळेवरून भाषा ओळखता येत नाही, पूर्ण वाक्यावरून येते.

पानाची भाषा मराठी असल्याची नोंदही पानाच्या अगदी आरंभी, ‘एमआर’ या दोन अक्षरी संकेताने, अवश्य करावी. गूगल भाषा ठरविताना ही नोंद पाहत नाही, तर दृश्य मजकूर पाहते. तेव्हा क्रम वाढेल या आशेने ती करू नये. दृष्टिहीन वाचकासाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावलीला मराठी उच्चार निवडता यावा, आणि ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे तेथे ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची दिसावीत, यासाठी ती करावी. या दोन्ही गोष्टी वाचकाच्या हिताच्या आहेत.

जुन्या फॉन्टमधील अंक, स्मरणिका आणि लेख युनिकोडमध्ये आणणे हे या सर्वांहून मोठे काम आहे, आणि तेथे कोणताही टॅग उपयोगी पडत नाही. जे पान यंत्राला वाचताच येत नाही, ते इंदूरच्या किंवा हैदराबादच्या मराठी विद्यार्थ्याने कितीही नेमका शब्द टाकला तरी त्याच्यासमोर येणार नाही. संस्थेचा निधी हमीपत्र देणाऱ्या विक्रेत्यावर खर्च करण्यापूर्वी तो या रूपांतरावर खर्च करावा. तूर्त एवढे तरी करावे : आपल्या मंडळाचे संकेतस्थळ उघडून वरच्या टॅबवर काय लिहिले आहे ते वाचावे, आणि ते मराठीत नसेल तर संबंधितांना आजच कळवावे.