नोडची कुळकथा

झरी जामणीतल्या एखाद्या पोराने मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून जुन्या लॅपटॉपवर नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, उतरवून घेतलं, की तीसेक एमबीत सर्व्हर उभा करायचं सगळं सामान हाती येतं. पाच-सहा ओळी लिहायच्या, 3000 क्रमांकाचा पोर्ट द्यायचा, ‘नोड’ आणि पुढे फाइलचं नाव टाकून एंटर मारायचं. स्क्रीनवर काहीच हलत नाही, कर्सरही परत येत नाही. नवख्याला वाटतं, अडकलं. पण प्रोग्रॅम जागा असतो, कुणी काही मागेल म्हणून कान देऊन बसलेला.

ही सवय जावास्क्रिप्टला ब्राउझरमध्ये लागली. 1995 साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. बटण कधी दाबलं जाईल ते ठाऊक नाही, आणि तोवर पान गोठूनही चालत नाही. नेटस्केपने ‘लाइव्हवायर’ नावाने तिला लगेच सर्व्हरवरही नेलं होतं, पण तिथे ती रुजली नाही.

2008 मध्ये गूगलचं व्ही8 इंजिन आलं आणि भाषेला वेग मिळाला. पुढच्याच वर्षी रायन डाल यांनी ते उचलून नोड बनवलं. अपाचेसारखे सर्व्हर तेव्हा सहसा प्रत्येक जोडणीमागे एक थ्रेड किंवा प्रोसेस गुंतवत. डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत तो थ्रेड किंवा ती प्रोसेस मेमरी अडवून नुसती बसे. डाल यांना हे बसणंच नको होतं. गिरणीत डबा ठेवून आपण बाजार उरकतो, दळण झालं की हाक येते. नोडही फाइल वाचायचं काम सोपवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतं. इतर भाषांतल्या जुन्या लायब्ऱ्या थांबायलाच शिकलेल्या होत्या. जावास्क्रिप्टकडे मात्र फाइल वाचायची प्रमाण सोयच नव्हती, म्हणून मोडायला वाईट खोडही नव्हती. माझ्या मते नोडचं खरं भाग्य या उणिवेत आहे.

नोव्हेंबर 2009 मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये डाल यांनी नोड दाखवलं. 2010 मध्ये आयझॅक श्लूटर यांचं एनपीएम हे पॅकेजं उतरवून देणारं साधन आलं आणि तयार पॅकेजांचा पूर लोटला. शिकणाऱ्याने त्यात लगेच उडी घेऊ नये. एचटीटीपी आणि एफएस ही मॉड्यूल्स नोडसोबतच येतात, त्यांना वेगळा डेटा लागत नाही. एकच काळजी घ्यायची: नोड आपला कोड एकाच थ्रेडवर चालवतं, मोठी आकडेमोड त्यावर टाकली, तर ती संपेपर्यंत बाकी सगळी गिऱ्हाइकं दारात खोळंबतात.