वीस तारीख आणि कर्नल ६.५

शुक्रवार, १९ जानेवारी २०२४. रात्री ९.४०. मुदतीला २६ तास २० मिनिटं.
पांढुर्ण्याच्या बाजारात अयोध्येतल्या राममंदिराच्या सोमवारच्या सोहळ्यासाठी भगव्या पताका लागल्या होत्या. माझ्या टेबलावर मात्र अकरा व्यापाऱ्यांच्या फायली होत्या; त्यांचे जीएसटी रिटर्न मी भरून देतो. डिसेंबरचं जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख २० जानेवारी. आठ पार्ट्यांच्या एन्ट्र्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण झाल्या होत्या. उरलेल्या तिघांची १६० खरेदी बिलं एका शीटमध्ये चढवली होती, पण ती शीट सेव्ह करायची राहून गेली होती.

माझा संगणक उबुंटू २२.०४ या लिनक्सचा. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स ६.१ मध्ये विंडोजचं आभासी मशीन ठेवलेलं. ती शीटही त्यातच उघडी होती. डोळे मिटत होते. ते मशीन नीट बंद न करता मी ‘आहे त्या स्थितीत जतन करा’ हा पर्याय निवडला. त्यानंतर अपडेटची खिडकी आली. तिलाही होकार दिला आणि शटर ओढलं.

शनिवार, सकाळी १०.१५. उरले १३ तास ४५ मिनिटं.
संगणक सुरू झाला, आभासी मशीन सुरू होईना. पडद्यावर निरोप होता: कर्नल ड्रायव्हर बसवलेला नाही. रात्रीच्या अपडेटमध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.२ वरून ६.५ वर गेला होता. व्हर्च्युअलबॉक्सला कर्नलच्या आत स्वतःचा एक मॉड्यूल लागतो, त्याचं नाव व्हीबॉक्स-ड्रव्ह. कर्नल बदलला की हा मॉड्यूल त्या कर्नलसाठी नव्यानं बांधावा लागतो. त्यासाठी मी व्हीबॉक्सकॉन्फिग ही आज्ञा चालवली. दोन मिनिटांत उत्तर आलं: बांधणी फसली, लॉग पाहा.

मी लॉगची फक्त शेवटची ओळ पाहिली. तिथे ‘एरर २’ एवढंच होतं. त्यातून काहीच कळलं नाही.

दुपारी १.०५. उरले १० तास ५५ मिनिटं.
सॉफ्टवेअर जुनं झालं असावं, असा माझा समज झाला. ६.१ काढून टाकलं, ७.० उतरवून बसवलं. बांधणी पुन्हा त्याच जागी फसली. एक व्यापारी दारातून विचारून गेले, “झालं का भाऊ?” मी म्हटलं, “संध्याकाळपर्यंत होते.”

दुपारी ३.३०. उरले साडेआठ तास.
सौंसरला हेच काम करणाऱ्या एका जुन्या दादांना फोन लावला.

“काहून अपडेट मारलं रे एकोणीस तारखेला?” ते म्हणाले. “बरं, लॉग उघड. शेवटची ओळ सोड. ‘एरर’ हा शब्द पयल्यांदा कुठं येते, ते वाच.”

वाचलं. सगळं तिथेच लिहिलेलं होतं. हा कर्नल जीसीसी १२.३ या कंपायलरनं बांधलेला आहे, तुम्ही जीसीसी ११.४ वापरत आहात, असा इशारा. खाली पहिली चूक: ‘एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ओळखता येत नाही. फंक्शनमधल्या रिकाम्या व्हेरिएबलांत आधीच शून्य भरून ठेवणारा हा सुरक्षेचा पर्याय जीसीसीमध्ये बाराव्या आवृत्तीपासून आला. उबुंटू २२.०४ वर मुळात अकरावी आवृत्ती असते. नवा कर्नल बाराव्या आवृत्तीची भाषा बोलत होता आणि माझ्याकडचा कंपायलर अकरावीवरच थांबला होता.

“जीसीसी-१२ टाक अन् पुन्हा बांध,” दादा म्हणाले.

दुपारी ४.१०. उरले ७ तास ५० मिनिटं.
जीसीसी-१२ बसवलं, व्हीबॉक्सकॉन्फिग चालवलं. मॉड्यूल बांधला गेला, कर्नलमध्ये बसला. मला वाटलं, सुटलो.

मशीन सुरू केलं. ७.० नं ६.१ मध्ये गोठवलेली स्थिती उघडायला नकार दिला. समोर एकच बटण दिसत होतं: ‘जतन केलेली स्थिती टाकून द्या’. त्याचा अर्थ मला माहीत होता. चालू संगणकाची वायर उपसावी, तसंच ते असतं. दादांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. बटण दाबलं.

दुपारी ४.१८.
विंडोज उघडलं. आठ पार्ट्यांचा हिशेब शाबूत होता. १६० बिलांची शीट गेली होती.

रात्री ८.००. उरले ४ तास.
आठ रिटर्न भरून झाले. तिघांची बिलं पहिल्यापासून चढवायला घेतली. बायको डबा घेऊन आली आणि समोर बसून एकेक बिल वाचून दाखवू लागली. क्रमांक, तारीख, रक्कम, कर.

रात्री ११.२०. उरली ४० मिनिटं.
११८ वं बिल.

रात्री १२.००.
तारीख बदलली. तीन रिटर्न राहिले.

रविवारी सकाळी ते भरले. उशिराचं शुल्क प्रत्येकी ५० रुपये, केंद्राचे २५ आणि राज्याचे २५. शिवाय करावर वर्षाला १८ टक्के दरानं एका दिवसाचं व्याज. सगळं मी माझ्या खिशातून दिलं. रक्कम मोठी नव्हती. पण तिघांच्याही नोंदीत ‘उशिरा’ हा शब्द माझ्यामुळे लागला, आणि तो पुसता येत नाही.

दुपारी दादांचा फोन आला. “जुना कर्नल होता ना मशीनमध्ये?” होता. अपडेट झालं तरी उबुंटू आधीचा कर्नल ठेवून देतो. संगणक सुरू होताना एस्केप दाबलं की ग्रबची यादी येते, त्यात प्रगत पर्यायांखाली ६.२ निवडायचा. सकाळी सव्वादहाला एवढं केलं असतं, तर त्याच कर्नलवर, त्याच ६.१ मध्ये, ती शीट जशीच्या तशी उघडली असती. दोन मिनिटांचं काम होतं.

लिनक्सवर आभासी मशीन चालवून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. अपडेटआधी मशीन आतून नीट बंद करा. काही फसलं तर आधी जुन्या कर्नलवर जा, काम उरका, दुरुस्ती मग करा. लॉग पहिल्या चुकीपासून वाचा. आणि परत आणता येणार नाही असं काही टाकून देण्याआधी एक फोन करा.

आमच्या दुकानात आता दर महिन्याच्या १० ते २२ तारखेपर्यंत अपडेट बंद असतं.