भाव कुठे लिहायचा?

३० जून २०१७ची रात्र. दिल्लीत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात जीएसटीचा सोहळा चालू होता. तो मोबाइलवर आवाज बंद करून लावून ठेवला होता आणि मी पुण्यात, कर्वे रस्त्यावरच्या एका छोट्या ऑफिसात, गार झालेला वडापाव खात एका दुकानाचा कोड उघडून बसले होते. रात्री बारा वाजता देशातला कर बदलणार होता. म्हणजे आमच्या साइटवरचं प्रत्येक बिलही बाराच्या ठोक्याला बदलायला हवं होतं.

दुकान अप्पा बळवंत चौकातलं. शाळेची यादी काउंटरवर द्यायची आणि पुस्तकं-वह्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. मालकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. नव्या दरांत छापील पुस्तकांवर कर शून्य, वह्यांवर १२ टक्के, दप्तरांवर १८ टक्के. एकाच गठ्ठ्यात तीन दर.

बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही चाचणीची ऑर्डर टाकली. बिल बरोबर आलं. टाळ्या वाजवल्या, दिवे बंद केले, घरी गेलो.

काय राहून गेलं, ते आठवडाभराने कळलं. पण ते नीट कळायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

*

ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रकारचं काम चालतं. वस्तूची किंमत किती, शिल्लक किती, कर किती, हे एक. आणि ते स्क्रीनवर कसं दाखवायचं, हे दुसरं: कुठल्या रंगात, कुठल्या क्रमाने, माल संपला असेल तर बटण करडं करायचं की नाही. या दुसऱ्या कामाला प्रेझेंटेशन लॉजिक म्हणतात. ते पहिल्यापासून वेगळं ठेवावं, हे आज कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. परीक्षेत मीही लिहिलं होतं. पाचपैकी पाच मार्क.

ही कल्पना ऑनलाइन दुकानांपेक्षा बरीच जुनी. नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्सकाउग १९७८-७९मध्ये कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून गेले होते. त्याआधी त्यांनी जहाजबांधणीसाठी सॉफ्टवेअर केलं होतं. एकाच जहाजाची माहिती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या नजरेने बघायची असते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. १० डिसेंबर १९७९च्या एका टिपणात त्यांनी वाटणी मांडली: मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर. खरं काय आहे ते मॉडेलला ठाऊक. व्ह्यू ते दाखवणार. माणसाने काय सांगितलं ते कंट्रोलर ऐकणार.

मग वेब आलं आणि ही वाटणी बरेच जण विसरले. १९९५मध्ये रासमुस लेरडॉर्फने पीएचपी लोकांसमोर आणलं. त्याची सुरुवात त्याच्या स्वतःच्या वेबपानासाठी केलेल्या छोट्या हत्यारांतून झाली होती. त्यातली गंमत अशी, की पानाच्या मजकुरातच मधोमध कोड लिहिता यायचा. मार्च २०००मध्ये जर्मनीत हाराल्ड पोन्से दे लेओनने ओएसकॉमर्स सुरू केलं. ते फुकट होतं, त्यामुळे ज्याच्याकडे पैसा नाही असा दुकानदारही ऑनलाइन दुकान थाटू शकला. हे फार मोठं काम होतं. मात्र त्याच्या जुन्या आवृत्त्यांत डेटाबेसला विचारायचा प्रश्न आणि पानावरचा तक्ता एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी नांदायचे. रंग बदलायला गेलेला माणूस चुकून हिशेबाला धक्का लावून यायचा.

पुढची दहा वर्षं हे सगळं निस्तरण्यात गेली. २००३मध्ये ओएसकॉमर्समधूनच फुटून निघालेल्या झेनकार्टने टेम्प्लेटांना वेगळं फोल्डर दिलं. २००४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे प्राध्यापक टेरेन्स पार यांनी निबंध लिहून कडक नियमच घालून दिले: टेम्प्लेटने आकडेमोड करायची नाही, माहितीची तुलना करायची नाही, माहिती बदलायची तर मुळीच नाही. २००८मध्ये आलेल्या मॅजेंटोने पानाचं काम तिघांत वाटलं. ब्लॉक माहिती गोळा करणार, लेआउट कुठे काय बसवायचं ते ठरवणार, टेम्प्लेट फक्त दाखवणार.

*

हे सगळं परदेशातलं झालं. पण हाच धडा आमच्या पुण्यात, दुकानांशी काही संबंध नसताना, आधीच गिरवला गेला होता.

१९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. लोकांना त्यांचा परम महासंगणक आठवतो. पण तिथे आणखी एक काम चालायचं: भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं. त्यातली इस्की ही पद्धत १९९१मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात साठवायचं ते अक्षर, त्याचा आकार नव्हे. ‘क’ला एक क्रमांक. तो देवनागरीत दाखवायचा की गुजरातीत की कन्नडमध्ये, हे दाखवणाऱ्याने बघायचं. क्रमांक तोच.

नव्वदीत मात्र छपाईच्या घाईत उलटं घडलं. कित्येक फॉन्टांत अक्षराऐवजी त्याचे तुकडेच साठवले गेले: काना वेगळा, अर्धा ‘क’ वेगळा. छापून झाल्यावर सुरेख दिसायचं. पण काकांच्या दुकानासाठी एका वितरकाकडून पुस्तकांची यादी आली, तेव्हा साइटवर ‘बालभारती’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटला. फॉन्ट नाही, तर शब्दही नाही. दिसणं म्हणजेच असणं, असं एकदा ठरवलं की हे होतं. पूर्ण यादी आम्ही पुन्हा टाइप केली.

आणखी एक आठवण २०१०ची. मी नुकतीच नोकरीला लागले होते. १५ जुलैला मंत्रिमंडळाने उदय कुमार यांनी रेखाटलेलं ₹ हे चिन्ह स्वीकारलं आणि ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये आलं. साहेब म्हणाले, “सगळीकडे नवं चिन्ह टाक, तासाभराचं काम आहे.” मी शोधायला बसले. कुठे ‘रु.’, कुठे टिंबाशिवाय ‘रु’, कुठे इंग्रजीत. सत्तेचाळीस फाइली. चार दिवस लागले, आणि बऱ्याच मोबाइलवर नवा फॉन्ट नव्हता म्हणून चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन दिसला. पुन्हा सत्तेचाळीस फाइली. तेव्हा मी पहिल्यांदा किंमत दाखवणारं एकच फंक्शन लिहिलं. चिन्ह त्यात, लाखाचा स्वल्पविरामही त्यातच.

चिन्हाचं शहाणपण आलं. कराचं यायचं होतं.

*

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भोर तालुक्यातल्या एका शाळेचे गुरुजी काकांच्या दुकानात आले. शाळेसाठी घाऊक वह्या मागवल्या होत्या. खिशात ४०,००० रुपयांचा चेक आणि हातात आमच्या साइटवरून गेलेल्या मेलचा प्रिंट. मेलमध्ये लिहिलं होतं, एकूण ४०,०००. दुकानातल्या बिलावर ४४,८००. माल ४०,०००, केंद्राचा कर २,४००, राज्याचा कर २,४००.

बिल बरोबर होतं, मेल चुकला होता. घाऊक ऑर्डरची सोय आम्ही त्याच जूनमध्ये घाईने जोडली होती. तिच्या मेलच्या टेम्प्लेटमध्ये कुणीतरी एक अट लिहिली होती: विभाग ‘पुस्तकं’ असेल तर कर शून्य. आणि दुकानाने वह्याही त्याच विभागात ठेवलेल्या. त्या रात्री आम्ही कराचा तक्ता बदलला, बिलाचं पान तपासलं. मेल तर नुसता मजकूर, त्यात कसला हिशेब, म्हणून तो कुणी उघडलाच नाही. ‘कुणीतरी’ असं मी आत्ता म्हटलं. ती अट मीच लिहिली होती.

काकांनी मला बोलावून घेतलं. गुरुजी बाकावर बसले होते, चहा समोर तसाच. ते हळूच म्हणाले, “वर्गणी काढून जमवलेत हो. वरचे पाच हजार आता कुठून आणू?”

मी म्हणाले, “काका, ती सॉफ्टवेअरची चूक आहे, खरं बिल हेच आहे.”

काका म्हणाले, “अगं, मेल दुकानाच्या नावाने गेलाय ना? मग तो माझा शब्द आहे. सॉफ्टवेअर मला माहीत नाही.” त्यांनी ४,८०० रुपये स्वतःच्या खिशातून गल्ल्यात टाकले आणि गठ्ठे टेम्पोत चढवायला सांगितलं. आमच्या ऑफिसने पुढे ते पैसे त्यांच्या फीमधून वळते केले, पण गुरुजींसमोर बसलेली ती दहा मिनिटं काही वळती झाली नाहीत.

*

त्यानंतर कोड लिहिताना मी एक प्रश्न विचारते. तो काकांच्या काउंटरवरच सुचला, कारण त्यांच्या निम्म्या ऑर्डरी फोनवर येतात. स्क्रीन काढून टाकली आणि हीच गोष्ट गिऱ्हाइकाला फोनवर सांगायची असली, तर ती बदलेल का? कर फोनवरही तोच राहतो, सवलत तीच राहते, माल शिल्लक आहे की नाही तेही. म्हणजे त्यांची जागा आत, एकदाच. ₹चं चिन्ह, स्वल्पविराम, करडं बटण फोनवर लागत नाही. ते दाखवणाऱ्याकडे. टेम्प्लेटमध्ये एकही अट नको, असं मी म्हणत नाही. अट दिसण्याबद्दल आहे की खऱ्याबद्दल, एवढंच बघायचं.

त्याच २०१७मध्ये मॅजेंटोच्या नव्या आवृत्तीत व्ह्यू मॉडेल आलं. टेम्प्लेटला लागेल ते आधीच तयार करून हातात देणारा एक वेगळा वर्ग. ते वाचताना मला काउंटरवरचा मुलगा आठवला. तो भाव ठरवत नाही. आतून आलेली चिठ्ठी वाचून दाखवतो, पण मोठ्याने आणि नीट.

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर पुन्हा बदलले. वह्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून शून्य झाला. आम्ही एका तक्त्यातली एक ओळ बदलली. बिल, मेल, मेसेज, सगळीकडे तोच आकडा उमटला. तरीही मी प्रत्येक मेल स्वतः उघडून पाहिला.