आयाराम-गयाराम

पक्ष बदलणाऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या या शब्दामागे हाडामांसाचा माणूस आहे. गयालाल, १९६७ साली हरियाणातल्या हसनपूरहून निवडून आलेले अपक्ष आमदार. ते काँग्रेसमध्ये गेले, तिथून काँग्रेसविरोधी संयुक्त आघाडीत, पुन्हा काँग्रेसमध्ये आणि नऊ तासांच्या आत परत आघाडीत; हे सगळं एका पंधरवड्यात. आघाडीचे नेते राव बीरेंद्र सिंह यांनी त्यांना चंदिगडला पत्रकारांसमोर उभं केलं आणि गयाराम आता आयाराम झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे शब्द जन्मला तो स्वागत म्हणून! माणूस आपल्याकडे आला होता ना. शिवी तो मागाहून झाला.

पुढे यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पक्षांतरावर १९६९ मध्ये अहवाल दिला, पण पक्षांतरबंदीचा कायदा व्हायला १९८५ उजाडलं. पक्षाचे एक-तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर कायदा लागू होत नसे, ती पळवाटही २००३ मध्ये बुजवली.

शब्दाचा दुहेरीपणा मात्र टिकून आहे. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा एकच घटना एका बाजूला ‘उठाव’ होती, दुसऱ्या बाजूला ‘गद्दारी’. एकीकडे हिंदुत्वाची हाक, दुसरीकडे पैसे घेतल्याचा आरोप करणारी ‘पन्नास खोके’ची घोषणा. जो जातो तो स्वार्थासाठी आणि जो येतो तो विचारासाठी, असं दोन्हीकडचे कार्यकर्ते छातीठोकपणे सांगतात. मला हे फार खटकतं. आपल्या दारात आलेल्याला विचार कधी पटला, कशाने पटला, हे कार्यकर्त्यांनी त्याच्या गळ्यात हार पडण्याआधी विचारायला हवं.