सरीच्या आधी, सरीनंतर

पालथे पडा आणि हनुवटी चिखलाला टेकू द्या. जे बघायचंय ते जमिनीलगतच आहे. काळ साधारण 35.5 कोटी वर्षांपूर्वीचा. जागा आजच्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातली, मॅन्सफील्ड गावाजवळची. पण आत्ता हा गोंडवनाचा भाग आहे आणि भारताची भूमीही त्याच महाखंडात आहे. समोर नदी. काठावर ना गवत, ना फूल, ना एखादा पक्षी. पाण्यात रायझोडॉन्ट हे मोठाले शिकारी मासे फिरतायत, तेव्हा काठापासून जरा दूरच राहा.

पहिला प्राणी आला. त्याचं डोकं कसं, कातडी कशी, हे विचारू नका. त्याचं एकही हाड सापडलेलं नाही. त्याच्या पावलांकडे बघा. ओल्या गाळात बोटं फाकतात, रुततात, आणि पाय उचलला की प्रत्येक बोटाच्या टोकाशी बारीक, अणकुचीदार खाच उरते. नखं आहेत ही! बेडकाच्या किंवा सॅलमँडरच्या बोटांना सहसा अशी नखं नसतात. ती सरड्यांना, पक्ष्यांना, तुम्हाला-मला असतात. घोरपडीच्या अंगकाठीवरून हिशेब केला, तर हा जीव साधारण 80 सेंटिमीटर लांबीचा भरतो.

तो जातो न जातो तोच पावसाची हलकी सर येते. थेंबांचे बारके खळगे जमिनीवर उमटतात, काही थेट त्याच्या ठशांवर. सर थांबते. मग तसेच आणखी दोघं येतात, उलट्या दिशेने, आणि त्यांची पावलं त्या खळग्यांवर पडतात. एका दिवसातला हा क्रम जेमतेम हातभर लांबीच्या दगडावर जसाच्या तसा राहिला. मला ठशांचा भरवसा हाडांहून जास्त वाटतो तो यासाठीच: हाड पुरात वाहून भलतीकडे जाऊ शकतं, पाऊल मात्र जिथे पडलं तिथेच असतं.

हा दगड दोन हौशी शोधकांना सापडला आणि 2025 मध्ये 'नेचर'मध्ये त्याची माहिती आली. तोवर या नखवाल्या कुळाचे सर्वांत जुने पुरावे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचे होते, साधारण 32 कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे कुळाचं वय एका फटक्यात साडेतीन कोटी वर्षांनी वाढलं. आणि हे तिघं आत्ता तुमच्यासमोर चालतायत, त्या अर्थी उभयचरांची आणि यांची वाट याच्याही आधी, मासेच मासे असलेल्या डेव्होनियन काळातच फुटलेली असणार.

तो फाटा बघायचा तर इथून आणखी मागे जावं लागेल. तिकडे, पोलंडमधल्या झाखेउम्येच्या खाणीत, सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीचे चार पायांचे ठसे आहेत. त्यातलं मोठ्यात मोठं पाऊल 26 सेंटिमीटर रुंद आहे.