रुळांवरचा पूल

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या वस्तीचा इतिहास’ या सदरात काहीतरी लिहून द्यावे, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले, तेव्हा प्रथम मी देवळांचा विचार केला. पण देवळांविषयी मागील अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. ज्याच्यावरून आपण सगळ्याजणी जन्मभर ये-जा केली, त्या रुळांवरच्या पादचारी पुलाविषयी मात्र कोणी चार ओळीही लिहिल्या नाहीत. म्हणून हा प्रयत्न.

भगिनींनो, मुंबईत पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गेली, हे आपण शाळेत शिकलो. ती जी.आय.पी. कंपनीची. पुढे १८६४ च्या सुमारास बी.बी. अँड सी.आय. कंपनीचे रूळ पश्चिमेच्या अंगाने मुंबईत आले. दोन कंपन्या, दोन मालक, दोन हिशेब. परळला हे दोन्ही मार्ग इतके जवळून जातात की एका फलाटावरची हाक दुसऱ्यावर ऐकू जावी. तरी स्टेशने मात्र दोन राहिली, एक परळ आणि दुसरे एल्फिन्स्टन रोड. नोव्हेंबर १९५१ मध्ये या कंपन्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या, पण कारभार दोन तो दोनच. वेगळ्या झालेल्या दोन भावांच्या सामाईक ओटीसारखी त्या पुलाची अवस्था झाली. वापर दोघांचा, झाडायचे कोणी, हा प्रश्न.

लग्न होऊन मी परळला आले ती १९७४ साली. माझे यजमान गिरणीत होते. त्यांना आगगाडीशी काही कर्तव्य नव्हते, कारण घर आणि गिरणी यांत पायी दहा मिनिटांचे अंतर. भोंगा झाला की घरातून निघायचे, भोंगा झाला की परत. गर्दी होती, नाही असे नाही, पण ती रस्त्यात होती आणि पाळीपाळीने होती. दुपारचा डबा घेऊन मी पुलावरून पलीकडे जात असे. तेव्हा वर थांबून खालून जाणारी गाडी मुलाला दाखवण्याइतकी उसंत आणि जागा मिळे. सासूबाई त्या पुलाला ‘शिडी’च म्हणत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याची कहाणी इथे सांगत बसत नाही. आपल्यातल्या कितीजणींच्या घरांतून ती गेली आहे. पण पुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा झाला. गिरण्या बंद पडल्या आणि त्या जमिनींवर कचेऱ्यांचे उंच मनोरे उभे राहिले. पूर्वी काम करणारा माणूस इथेच राहत होता. आता काम करणारा माणूस विरारहून आणि कल्याणहून येऊ लागला, तोही सकाळच्या दोन तासांत आणि आगगाडीनेच. जमिनीवर काय बांधायचे याचे नकाशे झाले. तिथे येणारी माणसे रूळ कुठून ओलांडणार, याचा नकाशा त्यांच्याबरोबर झाला नाही. माझ्या मते चूक तिथेच झाली. पूल म्हातारा झाला हे खरेच, पण त्याहून खरे हे की त्याच्यावर भलत्याच गावची रहदारी येऊन पडली.

२९ सप्टेंबर २०१७. त्या दिवशी शुक्रवार होता, खंडेनवमी होती. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून झेंडूच्या राशी घेऊन माणसे चालली होती. साडेदहाच्या सुमारास पावसाची मोठी सर आली. छत्री नसलेली माणसे जिन्यावरच थांबली आणि मागून दोन्ही रेल्वेंच्या गाड्या माणसे ओततच राहिल्या. कोणाच्या डोक्यावरचा भारा पडला आणि ‘फूल पडले’ याचे ‘पूल पडला’ झाले, असे बचावलेल्या मंडळींनी सांगितल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. तेवीस माणसे गेली. पूल पडला नव्हता. तो जागच्या जागी उभा होता. मी दसऱ्याचे तोरण त्या वर्षी लावले नाही.

त्यानंतर जे झाले त्याबद्दल चांगले बोलायला हवे. पादचारी पूल ही प्रवाशांची सोय नसून सुरक्षिततेची बाब आहे, असे रेल्वेने त्या दुर्घटनेनंतर ठरवले. वरवर हा शब्दांचा फरक, पण सोय पैसे उरले तर होते, आणि सुरक्षिततेला आधी पैसे लागतात. ऑक्टोबरअखेर काम लष्कराकडे दिले गेले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी नवा पूल खुला झाला. करी रोड आणि आंबिवलीचे पूलही लष्करानेच बांधले. त्याच वर्षी जुलैत स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले. आमच्या तोंडी मात्र अजून एल्फिन्स्टनच येते.

इतका वेळ का लागतो पूल बांधायला, असे मी एका ओळखीच्या इंजिनियर मुलाला विचारले. त्याने समजावले ते असे. खांब रोवायला रुळांमधली बोटभर जागा शोधावी लागते. वर पंचवीस हजार व्होल्टच्या तारा, म्हणून पूल उंच घ्यावा लागतो. पूल उंच, म्हणून पायऱ्या जास्त. तुळया चढवायच्या तर गाड्या थांबवून, तारांतला प्रवाह बंद करून, रात्रीच्या थोड्या तासांत. आणि त्याने आणखी एक सांगितले, ते मला फार पटले. पूल वर कितीही रुंद करा, गर्दी अडते ती जिन्याच्या तोंडाशी. चंबूचे पोट मोठे असून काय उपयोग? पाणी गळ्यातूनच यायचे.

गळ्याची ही गोष्ट आम्हा बायकांना नव्याने सांगायला नको होती. एका कडेवर मूल, दुसऱ्या हातात पिशवी, मग कठडा कशाने धरायचा? केईएम किंवा टाटा रुग्णालयात जाणारा आजारी माणूस मधेच टेकला, की मागची रांग थबकते. डोक्यावर पाटी असलेली कोळीण वाकू शकत नाही, तिला वळायला जास्त जागा लागते. यांतले काय नकाशावर येते?

सप्टेंबर २०२५ मध्ये शेजारचा शतकाहून जुना मोटारींचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, आणि मंडळाच्या बैठकीत पुन्हा हाच विषय निघाला. आता पायी जाणारी माणसे कुठून जाणार? अर्ज करायचा तर आकडे हवेत. म्हणून आम्ही चौघीजणी एका सकाळी आठ वाजता जिन्याखाली उभ्या राहिलो. हिशेब सोपा होता. शंभर माणसे उतरली की डाव्या पिशवीतला एक चिंचोका उजव्या पिशवीत टाकायचा. मूल कडेवर घेतलेल्या बायकांसाठी वेगळी पिशवी, काठी टेकत येणाऱ्यांसाठी वेगळी. चिंचोके आम्हाला वाटले भरपूर आणले आहेत. पावणेदहाला डावी पिशवी रिकामी झाली, आणि वरून आणखी एक गाडी आल्याचा आवाज आला.